उजवा गाल

रंगनाथ ड्रायव्हरला डावीकडून बघितलं तर माणूस पन्नाशीचा वाटायचा आणि उजवीकडून बघितलं तर पंचाहत्तरीचा. दोन्ही अंदाज चुकीचे. रिटायर होऊन त्याला थोडीच वर्षं झाली होती. कर्जत डेपोतली पोरं त्याला 'डबल ड्यूटी' म्हणायची, ती काही उगाच नव्हे.

त्याचं असं झालं, की त्याची जवळजवळ सगळी नोकरी कर्जत-नगर गाडीवर गेली. आता या रस्त्याची खोड बघा. सकाळी नगरकडं निघालं की सूर्य उजव्या हाताला. दुपार कलल्यावर तीच गाडी माघारी आणायला घेतली, की तोवर तो पठ्ठ्या आभाळ ओलांडून पुन्हा उजव्या हातालाच हजर. ड्रायव्हरची खिडकीही उजवीकडंच. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं ते एकट्या उजव्या गालानं; डावा आपला सावलीत बसून पगार घेत राहिला. डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत खोल सुरकुत्या, त्यांना छेदणाऱ्या आडव्या सुरकुत्या, मधे मधे काळे चट्टे. उन्हाळ्यात पाझर तलावाचा तळ भेगाळतो, तशी त्या बाजूची कातडी झाली होती.

त्या गालाचं कौतुक जगात एकाच माणसाला होतं. ती त्याची बायको मनकर्णा.

त्यांची वस्ती मिरजगावच्या अलीकडं, नगरला जाताना उजव्या हाताला, अगदी रस्त्याला लागून. रंगनाथ अंधारातच सायकल मारत डेपोत जायचा, तेव्हा चूलही पेटलेली नसायची. मग मनकर्णा मागाहून डबा करायची आणि गाडीच्या टायमाला रस्त्यावर येऊन उभी राहायची. गाडी दिसली की समोरून काही येत नाही ना ते बघून रस्त्याच्या मधोमध यायची. रंगनाथ गाडी हळू करून तोंड आणि हात बाहेर काढायचा, ती टाचा उचलून डबा वर द्यायची. बोलणं काय, तर ती म्हणायची, "जपून जावा," आणि हा म्हणायचा, "हूं." कंडक्टर प्रवाशांना सांगायचा, हा काही सरकारचा विनंती थांबा न्हाई, हा भाकरी थांबा हाय. गाडीभर हशा व्हायचा. मनकर्णा पदर दातात धरून शेताकडं पळायची.

घरात सासूसासरे, दीर, जावा, पोरंटोरं. अशा खटल्याच्या घरात नवऱ्याच्या तोंडाकडं दिवसाउजेडी टक लावून बघायची कुणा बाईची टाप होती? मनकर्णानं नवरा डोळे भरून बघितला तो रस्त्यावर, खालून वर, आणि उजव्या बाजूनं. नव्या नवरीच्या वयापासून त्याच्या रिटायरमेंटपर्यंत तिनं तो गाल रापताना, आकसताना, एकेक रेघ धरताना बघितला होता.

रिटायर झाल्यावर दोघं निवांत एकमेकांसमोर बसतील म्हणावं, तर मनकर्णाचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग ती आपल्याच घरात येऊन, "आता घरी जाऊ या की," म्हणायला लागली. नगरला दिलेल्या लेकीला, पंकजाला, ती आपली मेलेली बहीण समजून 'आक्का' म्हणायची. पुण्याहून पोरगा अमृत आला की जावेला हळूच विचारायची, हा कुणाचा गं पोरगा, चांगल्या घरचा दिसतोय. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. औषधानं सावकाश वाढेल, एवढंच आपल्या हातात.

पण रंगनाथला ती ओळखायची. सकाळी उठली की समोर यायची, त्याच्या उजव्या गालावर तळवा ठेवायची, बोटं सुरकुत्यांतून फिरवायची, आणि मग तिचा चेहरा सैल व्हायचा. "आलाव व्हय? डबा खाल्ला का?" हा म्हणायचा, "खाल्ला." मग दिवस सुरळीत जायचा. एकदा थंडीत त्यानं तोंडाला मफलर गुंडाळला, तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मफलर काढला तशी निवळली. तिच्या उजव्या अंगाला बसलं की ती चुळबुळ करायची, म्हणून तो सवयीनं तिच्या डाव्या अंगाला बसायला लागला, म्हणजे उजवा गाल तिच्याकडं राहायचा. हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडत होतं. एवढं असून, हे असं का, हे त्यानं कधी मनाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

अमृतला पारनेरकडचं स्थळ आलं. मुलीचं नाव संस्कृती; शिकलेली, बोलायला गोड. पाहुणे बघायला आले. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलीचे मामा सहादेवराव रंगनाथच्या तोंडाकडं बघत हळूच म्हणाले, "पाव्हणं, उजव्या अंगावरनं वारं गेल्तं का कधी?" म्हणजे लकवा मारला होता का. रंगनाथनं सांगितलं, लकवा न्हाई, एसटीचं ऊन हाय. सगळे हसले, मामाही हसले, विषय संपला.

पंकजाच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. आईचं हे असं. त्यात बापाचं अर्धं तोंड वाळून गेलेलं. लोक म्हणतील, घराण्यातच काहीतरी रोग आहे. अमृतचं जमता जमता मोडलं तर? ती नगरला सावेडीत एका कातडीच्या डॉक्टरणीकडं पेशंटची नावं लिहून घ्यायला बसायची. चेहऱ्याच्या सुरकुत्या आणि उन्हाचे डाग घालवणारी मशीन रोज बघायची. तिनं बापाच्या मागं टुमणं लावलं, आण्णा, एकदा दाखवा तर खरं.

आता खरं बोलायचं तर पंकजा नुसतं निमित्त. हौस रंगनाथलाच आली होती. पाहुणे गेल्यावर तो आरशासमोर उभा राहिला. तळव्यानं उजवी बाजू झाकली. गडी अजून बरा दिसत होता की! मग डावी झाकली, तर आरशातून त्याचा बाप बघत होता, मरायच्या वर्षीचा. रंगनाथला ते सहन झालं नाही. माणसाला म्हातारपण येतं ते मान्य, पण असं अर्ध्याच तोंडाला का यावं?

त्या दवाखान्यातली डॉक्टर प्रज्ञा वयानं लहान, पण बोलायला स्वच्छ बाई. तिनं गाल उजेडात धरून बघितला आणि सगळं समजावून सांगितलं. एक मशीन कातडीच्या आत उष्णता सोडतं, वरून भाजत नाही. त्यानं आतली सैल पडलेली वीण आवळते. दुसरं लेझरचं. ते वरच्या रापलेल्या थराला बारीक बारीक डागण्या देतं, मग खपली धरते, ती पडली की खाली नवी कातडी. आपल्या सावळ्या रंगाला उष्णता जास्त झाली तर उलटे डाग उठतात, म्हणून हळूहळू, महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं करायचं, आणि मधे उन्हाचं नाव काढायचं नाही. गाल डाव्यासारखा होणार नाही, पण फरक दिसेल. रंगनाथ म्हणाला, म्हणजे उन्हानं केलेलं उष्णतेनंच काढायचं, काट्यानं काटा. डॉक्टर हसली. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "काका, हा गाल तुम्हाला दुखतो का? खाजतो?"

"न्हाई."

"मग घाई काय आहे? घरी काकूंना विचारलंत?"

रंगनाथ म्हणाला, "तिला काय इचारायचं? तिला आता काय कळतंय."

हे वाक्य पुढं त्याला किती वेळा आठवलं, त्याला गणती नाही. जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं. जीभ झडली कशी न्हाई त्याच वेळी, असं तो स्वतःलाच म्हणायचा.

दिवाळीनंतर पहिली खेप झाली. गाल बधिर करायचं मलम, डोळ्यांवर झाकणं, थंड वारा सोडणारी नळी, आणि केस जळल्याचा बारीक वास. चार-दोन चटके बसले, पण नागपंचमीच्या आसपासच्या खड्ड्यांतून गाडी काढणाऱ्या माणसाला त्याचं काय? तोंड सुजलं, लाल झालं, खपली धरली. धूळ-ऊन नको म्हणून पंकजानं त्याला आपल्याकडंच ठेवून घेतलं. वस्तीवर मनकर्णाजवळ थोरली जाऊ भागिरथी होती. मनकर्णाला सांभाळणारं तिच्याएवढं खात्रीचं माणूस दुसरं नव्हतं.

घरी आला तेव्हा मनकर्णानं नेहमीसारखा तळवा ठेवला. बोटं फिरली, थांबली, पुन्हा फिरली. म्हणाली, "सुजलंय व्हय?" मग जरा वेळानं, "डबा खाल्ला का?" रंगनाथचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या खेपेनंतर डाग फिके झाले. बारक्या सुरकुत्या गेल्या, मोठ्या उथळ झाल्या. डेपोतले जुने लोक भेटले की म्हणायचे, ड्रायव्हर, इंजिन जुनं पण बॉडी नवी. रंगनाथ फुलून जायचा. घरी मनकर्णाची बोटं त्याच्या गालावर नुसती फिरत राहिली, अंधारात काडेपेटी शोधावी तशी. कपाळाला आठ्या घालून तिनं विचारलं, "हितलं कुठं गेलं?"

"झिजलं," रंगनाथ म्हणाला आणि हसला.

ती हसली नाही. त्या दिवशी तिनं डब्याचं विचारलं नाही. भागिरथी चुलीपुढं बसून बघत होती. ती कधी दिराला टाकून बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "भावजी, बास करा आता. सोन्याची सुरी झाली म्हनून कुनी उरात खुपसून घेत न्हाई."

रंगनाथला कळलं नाही, असं नाही. कळलं, आणि त्यानं ते बाजूला सारलं. डॉक्टर प्रज्ञाही म्हणाली होती, इथं थांबलात तरी चालेल, आलाय तेवढा फरक पुष्कळ आहे. तर हा म्हणतो कसा, नगरला निघायचं आणि रुईछत्तिशीतनं माघारी फिरायचं, असलं ड्रायव्हरला जमत न्हाई. अमृतचा साखरपुडा जवळ आला होता. फोटो निघणार होते. तिसरी खेप झाली. या वेळी तो पंकजाकडं जास्त दिवस राहिला, कारण गाल छान यायला लागला होता आणि त्याला वाटेतली धूळ नको होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं आहे.

वस्तीवर परतला तेव्हा मनकर्णा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. रंगनाथ पायरीशी येऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं आणि झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बसा पाव्हणं," ती म्हणाली.

तिनं आत जाऊन तांब्या आणला, वाटीत गुळाचा खडा आणला, आणि परक्या पुरुषाला देतात तसा दोन हात लांबून खाली ठेवला. म्हणाली, ते ड्यूटीवर गेल्यात, येतीलच आता. रंगनाथ म्हणाला, "अगं, मी हाय." त्यानं उजवा गाल तिच्याकडं केला, वाकला, जवळ नेला. ती नुसती बघत राहिली. तेव्हा त्यानं तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. नवऱ्यानं बायकोचा हात धरला, यात काय वावगं? पण ती बाई चटका बसल्यासारखी ओरडली, हात हिसकून घेतला आणि, "जाऊबाई, धावा!" म्हणत आत पळाली. भागिरथी आली तेव्हा मनकर्णा कणगीमागं उभी राहून तळवा पदराला पुसत होती.

त्यानं सगळे उपाय केले. जुनी खाकी वर्दी घातली. तिनं त्याला एसटीतला कुणी साहेब समजून विचारलं, आमच्या मानसाचं काय बरंवाईट झालं न्हाई ना? त्यानं आवाज दिला, तिच्या आवडीच्या जुन्या गोष्टी काढल्या. ती भल्या मनानं ऐकायची आणि म्हणायची, तुमाला लई म्हाईती हाय की त्यांची. विसरण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आज ना उद्या होणारच होतं, गालाला दोष देऊ नका. पंकजा रडून रडून बेजार झाली. तिला रंगनाथनं एका शब्दानं बोल लावला नाही. तो डॉक्टर प्रज्ञाकडं मात्र एकदा जाऊन आला. सगळं सांगितलं आणि विचारलं, पहिल्यासारखं करायचं एखादं मशीन असतं का? बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "घरचं माणूस तुम्हाला कशावरून ओळखतं, हे मी विचारायला हवं होतं काका. पण असं कोण विचारतं?"

अमृतचं लग्न थाटात झालं. फोटोवाल्यानं वरमाय आणि वरबाप यांना शेजारी बसवलं, तर मनकर्णा उठून उभी राहिली. परक्या मानसाशेजारी मी बसायची न्हाई, ते आले की बसंन, असं तिनं भरमांडवात सांगितलं. लोकांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय, मांडव हसला. रंगनाथही हसला, काय करणार? सहादेवराव त्याला बाजूला घेऊन गेले आणि कळवळून म्हणाले, "पाव्हणं, माज्या बापाला वारं गेल्तं, म्हनून त्या दिवशी काळजीनं इचारलं हुतं. पोरगी तर आमी बघताक्षणी दिली हुती."

म्हणजे कुणालाच काही नको होतं. कुणाचंच काही अडलं नव्हतं.

आता रंगनाथ बाहेर निघताना टोपी घालत नाही. डॉक्टरनं दिलेलं उन्हाचं मलम त्यानं केव्हाच उकिरड्यावर टाकलं. सकाळी ओट्याच्या पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला, उजवा गाल उन्हाकडं करून तो बसतो. भागिरथी म्हणते, भावजी, सावलीला या, चक्कर येईल. तो म्हणतो, ड्यूटी हाय. त्यालाही ठाऊक आहे की एवढ्या वर्षांचं ऊन एका उन्हाळ्यात परत मिळत नाही. गाल नुसता लाल होतो, सोलतो, आणि रेघ काही उमटत नाही.

मनकर्णाचं एक मात्र पुन्हा सुरू झालं. सकाळी गाडीच्या टायमाला ती फडताळातला जुना डबा काढते आणि रस्त्याकडं चालायला लागते. पहिल्या दिवशी डबा रिकामाच होता. गाडी थांबली नाही, आणि ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही. ते उपाशी गेले म्हणून रडत बसली. दुसऱ्या दिवशी रंगनाथ डेपोत गेला. त्या गाडीवर आता गोरक्षनाथ नावाचा तरणा ड्रायव्हर आहे. नवीन होता तेव्हा रंगनाथच्या मागं बसून रस्ता शिकला होता. रंगनाथनं त्याला काय सांगितलं, ते दोघांनाच ठाऊक. सांगून झाल्यावर गोरक्षनाथ खाली बघत म्हणाला, "उस्ताद, एवढं न्हाई का करनार?"

तेव्हापासून भागिरथी भाकरी करते, रंगनाथ डबा भरतो, आणि मनकर्णा तो घेऊन निघते. तो तिच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालतो. जवळ गेलेलं तिला आवडत नाही. समोरून ट्रक-टेम्पो येत नाही ना ते तोच बघतो आणि हात करून वाहनं थांबवतो.

आजही गाडी हळू झाली. गोरक्षनाथनं खिडकीतून तोंड आणि हात बाहेर काढला. मनकर्णानं टाचा उचलल्या. वर बघताना तिचा चेहरा सैल झाला, डोळे भरून आले, सगळं कसं नव्या नवरीच्या वयातलं. गोरक्षनाथचा उजवा गाल आता रापायला लागलाय. डोळ्याच्या कोपऱ्यात पहिली रेघ धरली आहे.

"जपून जावा," ती म्हणाली.

"हूं," गोरक्षनाथ म्हणाला. त्यानं रंगनाथकडं बघायचं टाळलं आणि गाडी पुढं काढली.

धूळ खाली बसेपर्यंत मनकर्णा बघत राहिली. मग वळली आणि तिला रंगनाथ दिसला. आज ती खुशीत होती, म्हणून आपणहून बोलली. पदर सावरून म्हणाली, "आमचं मानूस भेटलं बाई. पाव्हणं, तुमी असं उन्हात का उभं राहता? घरी जावा की. तुमची मालकीण वाट बघत आसंल."

रंगनाथ म्हणाला, "व्हय. लई दिस झाले, बघतीया."

"मंग जावा," ती म्हणाली, आणि वस्तीकडं चालायला लागली.

तो चार पावलं मागं राहिला. ऊन वर आलं होतं. त्यानं मान जरा वळवून उजवा गाल उन्हाकडं केला आणि तिच्या मागून चालत घरी आला.